दोन टबांचं मशीन

निपाणी, ७ जुलै २०२५

चि. सौ. प्रणिता,

जय जिनेंद्र. सासऱ्याचं पत्र बघून घाबरू नको, घरात कुणाला काय झालेलं न्हाय. फोन करावा तर तुझी सासू, आपली आत्ती, शेजारीच बसलेली असती. वखारीतनं करावा तर माझा आवाज तुला ठाऊक हाय. तंबाखूच्या सौद्यात ओरडून ओरडून गळा असा झालाय, की मी इथं हॅलो म्हटलं की स्टँडवर ऐकू जातंय. म्हणून लिहितोय. उत्तर घरी धाडू नको, वखारीच्या पत्त्यावर धाड.

काम असं हाय. कपडे धुवायचं मशीन घ्यावं म्हणतोय. आपली शालूबाई लेकीच्या बाळंतपणाला चिकोडीला गेली ती अजून परत आली न्हाय, त्यामुळं धुण्याची जरा अडचण झालीया. तू बेळगावात मशीन वापरतीस, मच्छेला कारखान्याच्या ऑफिसात बसतीस, तुला ह्यातलं कळतंय.

मला एवढंच सांग. शर्टाची कॉलर मशीनमधी निघती काय, का आधी साबण लावून ब्रशनं घासायलाच लागती? वखारीतल्या कपड्यांत बसलेला तंबाखूच्या धुळीचा खकाणा पहिल्या पाण्यात निघत न्हाय, दुसऱ्यात बी न्हाय, शिंका मात्र येत ऱ्हात्यात. मशीनला ते कसं कळतंय? आणि पातळ पिळताना एक टोक खुंटीला अडकवायला लागतंय, न्हायतर सगळं अंगावर येतंय. मशीन ते कशाला अडकवतंय?

आत्तीला ह्यातलं काय बी कळता कामा न्हाय. तुझ्या नवऱ्याला, वृषभला पण सांगू नको, तो लगेच गाडी काढून येतोय.

आप्पा


बेळगाव, १२ जुलै

ती. आप्पा,

जय जिनेंद्र. पोस्टमननं पत्र हातात दिलं तेव्हा शेजारच्या वहिनी दारात होत्या. म्हणाल्या, अजून पत्रं येतात होय तुमच्याकडं? म्हटलं, आमच्याकडं सासरे लिहितात. दिवसभर मी त्याच तोऱ्यात होते.

आता मशीनचं. तीन तऱ्हा आहेत. एक, समोरून दार उघडणारं. कपडे टाका, दार लावा, बटण दाबा आणि कामाला जा. आमच्याकडं हेच आहे. दुसरं, वरून झाकण उघडणारं. तेही सगळं आपलं आपण करतं, फक्त वाकावं लागत नाही. तिसरं दोन टबांचं. त्यात पाणी आपणच ओतायचं, एका टबात धुवायचं, मग ओले कपडे हातानं उचलून दुसऱ्या टबात पिळायला टाकायचे, परत स्वच्छ पाण्यात काढायचे. सारखं त्याच्याजवळ उभं राहावं लागतं. ते मात्र घेऊ नका, आत्तींची दगदग होती तशीच राहील.

कॉलर आधी घासावीच लागते. आणि आता माझा प्रश्न. पातळ पिळताना अंगावर येतं हे तुम्हाला कसं कळलं? आमच्या लग्नात तुमच्या उपरण्यावर आमटी सांडली, तर ते तुम्ही तिथंच टाकलं आणि दुसरं आणा म्हणून बसून राहिलात. खकाणा दुसऱ्या पाण्यातही निघत नाही हे ज्याचे हात बादलीत असतात त्यालाच माहीत. शालूबाई नाही, पण आत्ती आहेत ना? आणि आत्ती हल्ली व्हिडिओवर का येत नाहीत? मी लावला की फोन उताणा ठेवतात, मला नुसता पंखा दिसतो.

ह्यांना मी अजून काही बोललेले नाही. खरं काय ते लिहा.

प्रणिता


निपाणी, १७ जुलै

चि. सौ. प्रणिता,

तू ऑफिसात बसून फुकट जातीस, तुला पोलिसात घ्यायला पाहिजे हुतं.

झालं ते असं. न्हाणीत शेवाळावरनं आत्तीचा पाय घसरला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घातलंय. दुखणं आता कमी हाय. तिनं मला शपथ घातली की पोरांना सांगायचं न्हाय, कळलं तर वृषभ आम्हा दोघांना उचलून बेळगावला न्हेईल आणि घराला कुलूप लागंल. आता तू आपली आपण ओळखलंस, म्हणजे मी शपथ मोडली असं होत न्हाय.

धुण्याला दुसरी बाई बघावी तर हिला पटत न्हाय. पाणी गाळून घेतील का न्हाय ही तिची धास्ती. धुण्याचं पाणी सुद्धा ती फडक्यातनं गाळून घेती, पाण्यातल्या जिवाला आपल्या हातनं इजा नको म्हणून, आणि फडक्यात जे ऱ्हातंय ते उलटं धरून परत हौदात सोडती. हे तुला सांगायला नको. शालूबाईला तिनं शिकवलं हुतं. आता मला शिकवलं.

तर दुपारी गल्ली झोपली की मी वखारीतनं मागच्या दारानं घरात येतोय, धोतर वर खोचतोय आणि परसातल्या दगडाला लागतोय. ती तिवईवर बसती, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवती आणि हुकूम सोडती. पहिल्याच दिवशी मी वखारीतला शर्ट आणि तिचं पांढरं पातळ एका बादलीत भिजवलं. पातळ बाहेर काढलं तर तंबाखूच्या पोत्यागत रंग. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. तर ती हसायलाच लागली. कितीतरी वर्षांत तिला तसं हसताना बघितलं न्हवतं. म्हणाली, हसवू नका हो, प्लास्टर हलतंय.

अभिषेकाचं धोतर पण मीच धुतलं. देवळात अभिनंदन शेट म्हणाला, वहिनींनी धोतर लई पांढरं काढलंय. मी व्हय म्हटलं. पण मनातनं लई बरं वाटलं.

आता खरी गोष्ट. डॉक्टर म्हणालाय, प्लास्टर निघालं तरी पिळायचं काम एवढ्यात करायचं न्हाय, हाडाला परत ताण बसला तर हात वाकडा ऱ्हाईल. आणि ही म्हणती, प्लास्टर निघू दे, दुसऱ्या दिवशी मी दगडावर. ती ऐकणारी बाई न्हाय. म्हणून तिचा हात मोकळा व्हायच्या आत मशीन घरात आलं पाहिजे. मला बाकी काय नको. तिचा हात नीट ऱ्हायला पाहिजे.

आप्पा


बेळगाव, २१ जुलै

ती. आप्पा,

ह्यांना सांगितलं. नवऱ्यापासून एवढं मोठं लपवणं मला जमणार नाही, रागवा हवं तर. ते मला म्हणाले, आप्पा धुणं धुतात? आमचे आप्पा? हाड मोडल्यापेक्षा त्याचाच त्यांना जास्त धक्का बसलेला दिसतो.

रविवारी आम्ही दोघं येतोय. तुम्ही शपथ मोडली नाही, मी मोडली, असं आत्तींना मीच सांगते. बेळगावला चला असा हट्ट ते धरणार आहेत. त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवून ठेवा.

प्रणिता


निपाणी, ११ ऑगस्ट

चि. सौ. प्रणिता,

जय जिनेंद्र. तुम्ही त्या रविवारी आलात, बरं वाटलं. आत्ती अजून सगळ्यांना सांगत सुटलीया की वृषभ दोरीवरचे कपडे बघून कसा उभा ऱ्हायला. तिनं त्याला जे सांगितलं ते मलाच आधी ठाऊक न्हवतं. 'ह्यांना धुणं येतंय, मग मला कशाला बेळगावला न्हेतोस?' मग त्यानं बेळगावचा हट्ट सोडला.

पण पोरानं गेल्या गेल्या उद्योग केलाच. आज सकाळी टेम्पो आला, बेळगावहून मशीन घेऊन. समोरनं दार असलेलं, तुमच्यासारखंच. सोप्यात तंबाखूचे नमुने पडलेले, मशीन उचलणारी दोघं पोरं आत आली आणि सटासट शिंकायलाच लागली. शिंकत शिंकत मशीन मागं न्हेलं. गल्ली सगळी दारात. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचं.

आत्ती आली. मशीनभोवती एक फेरी मारली. त्या पोराला विचारलं, 'पाणी कुठनं घेतंय हे?'

'नळाचं पाईप जोडायचं आज्जी. आपलं आपण घेतंय.'

'गाळून घेतंय काय?'

'फिल्टर हाय की आतमधी.'

'मग त्यात जे अडकंल ते परत पाण्यात कोण सोडणार?'

पोरगं माझ्याकडं बघाय लागलं. मी छताकडं बघितलं. ती म्हणाली, 'मालक दुपारी गाळून पाणी भरत्यात, गाळून धुत्यात. एवढं मोठं मशीन आणि त्याला मालकाएवढं बी जमत न्हाय?' गल्लीच्या देखत, प्रणिता. आता सगळ्या निपाणीला कळलं, धुणं कोण धुतंय ते. मगाशी चहाच्या टपरीवर अभिनंदन शेटनं मला विचारलं, धोतराला नीळ कितपत घालता? मी सांगितलं. आता काय लपवायचं.

खोकं फोडलेलं न्हाय. तिनं त्यावर चादर टाकलीया. पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघतंय आणि मशीन असं. मला तिच्या हाताची काळजी लागलीया. काय तरी उपाय काढ.

आप्पा


बेळगाव, १६ ऑगस्ट

ती. आप्पा,

चूक आमचीच. मशीन कुठलं घ्यायचं म्हणून आम्ही नवराबायको आठवडाभर भांडलो, पाणी गाळायचं आहे हे एकालाही आठवलं नाही. मी ह्याच घरची सून, आत्तींनी मला पहिल्या दिवशी हातात दिलं ते गाळायचं फडकंच होतं. त्यांना सांगा, प्रणिता लाजली म्हणून.

खोकं फोडलेलं नाही त्यामुळं दुकानदार मशीन परत घेतो म्हणालाय. टेम्पो पाठवतो. ह्यांनी नळाच्या तोंडाला फडकं बांधायची युक्ती काढली होती, पण मग जिवांचा तोच प्रश्न, फडकं तसंच वाळून जाणार. म्हणून मी दुसरं ठरवलंय. वरून झाकणाचं घ्या. नळ जोडायचाच नाही. गाळलेलं पाणी बादलीनं वरून ओता, झाकण लावा, बाकी धुणं पिळणं ते आपलं आपण करतं. मध्ये एकदा खळबळायचं पाणी तेवढं ओतायचं. आत्तींच्या हाताला काही लागणार नाही आणि तुम्हीही वखारीत जायला मोकळे. निपाणीत साईराजच्या दुकानात आहे, मी फोन करून विचारलं.

आत्तींना विचारून कळवा. प्लास्टर निघाल्यावर त्यांना दगडाजवळ जाऊ देऊ नका.

प्रणिता


निपाणी, ११ सप्टेंबर

चि. सौ. प्रणितास आत्तीचा आशीर्वाद.

अक्षर वाकडं हाय, समजून घे. हात मोकळा झाल्यापासनं पहिलं पत्र तुलाच लिहितीय. ह्यांची पत्रं तुला येत्यात ते मला ठाऊक हाय. वखारीतला मष्णू मला सगळं सांगतोय. तू पण लिहितीस छान. पण ह्या पत्रातलं ह्यांना सांगायचं न्हाय. म्हणून मष्णूच्या हातनं न धाडता मी स्वतः पेटीत टाकून येणार.

दशलक्षण पर्व नीट पार पडलं. ह्यांनी रोजचं धोतर स्वतः धुतलं, मी फडकं धरून बसले हुते.

वरच्या झाकणाचं मशीन मला नको गं. दोन टबांचं दे म्हण साईराजला.

तुला वाटंल, म्हातारीचं डोकं फिरलंय. तू लिहिलं हुतंस की दोन टबांच्या मशीनजवळ सारखं उभं ऱ्हायला लागतं. ते पत्र ह्यांनी खिशातच ठेवलं हुतं आणि मी धुण्याआधी खिसे बघते. ते वाचूनच मी ठरवलं. तू म्हणतीस त्या मशीनला काय, झाकण लावलं की हे वखारीत पळाले. मला ते नको.

आमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते तुझ्या नवऱ्याच्या वयावरनं मोज. इतक्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे भाजीत मीठ कमी हाय आणि उद्या पाव्हणे येणार हाईत. माणूस वाईट न्हाय गं. सगळा दिवस सौद्यात ओरडायचा, घरी आल्यावर गप्प. आता दुपारी दगडावर बसले की बोलत्यात. लहानपणी शाळा बुडवून कोल्हापूरच्या गाडीत चढले हुते आणि कागलला उतरवून दिलं, ते मला आत्ता कळलं. मला बघायला आले तेव्हा चहा सांडंल ह्या भीतीनं कपबशीवरनं नजर हलवली न्हवती, ते बी आत्ताच सांगितलं. मला वाटायचं, ह्यांना मी पसंत न्हवते म्हणून मान खाली घालून बसले हुते. तुला काय सांगू. ते ऐकल्यावर मी रात्रभर आनंदात हुते.

आता खरं. परवा दवाखान्यात गेलते. हे स्कूटर लावायला बाहेर थांबलेले. डॉक्टर म्हणाला, आज्जी, हात एकदम बरा झालाय, घागर उचला, धुणं पिळा, काय बी करा. मी बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, अजून जपायला सांगितलंय. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्याशी खोटं बोलले. पापच ते. देवळात जाऊन क्षमा मागितली, पण ह्यांना काय सांगितलं न्हाय.

हात बरा झालाय म्हटलं की हे दुपारी येणार न्हाईत. दोन टबांच्या मशीनला दोन माणसं लागत्यात. एकानं फडकं धरायचं, एकानं पाणी ओतायचं. मी फडकं धरीन. तेवढं जमव.

तुझी आत्ती


बेळगाव, १६ सप्टेंबर

ती. आप्पा,

जय जिनेंद्र. आत्तींचं पत्र आलं. अक्षर बरंच थरथरलेलं आहे. हाताला अजून पूर्ण आराम नाही असं दिसतं. तेव्हा पिळणं, जड उचलणं बंदच ठेवा. हे मी सांगते म्हणून करा, त्यांना पुन्हा पुन्हा विचारत बसू नका, त्यांना त्रास होतो.

मशीन दोन टबांचं घ्या असं त्या म्हणतात. आपल्या पाण्याला तेच सोयीचं पडेल, असं मलाही आता वाटायला लागलंय. पण मी आधीच लिहिलं होतं, त्याला तुम्हाला दुपारी जवळ उभं राहावं लागेल. पाणी ओता, कपडे उचला, पिळायला टाका, परत पाणी ओता. हंगामात वखार सोडून रोज येणं तुम्हाला जमणार आहे का? नसेल तर अजूनही वरच्या झाकणाचं घेता येईल. खरं काय ते कळवा. तुमच्यावर जबरदस्ती नाही.

हे विचारतात, हल्ली निपाणीहून एवढी पत्रं कशाची येतात? म्हटलं, मशीनची.

प्रणिता


निपाणी, ३० सप्टेंबर

चि. सौ. प्रणिता,

जय जिनेंद्र. मशीन आलं. दोन टबांचंच. दसऱ्याच्या आधी घरात आणलं, हळदीकुंकू लावलं आणि काल पहिलं धुणं काढलं. आवाज लई करतंय. मला काय, माझा त्याच्याहून मोठा हाय. आत्ती फडकं धरती, मी पाणी ओततोय, ते घुंगघुंग करत फिरतंय तोवर आम्ही दोघं तिवईवर बसून शेंगा सोलतोय. मग मी कपडे उचलून दुसऱ्या टबात टाकतोय. वखारीतले कपडे वेगळे. हे आता मला कुणी शिकवायला नको.

तू विचारलंस, रोज यायला जमंल काय. साईराजच्या दुकानात वरच्या झाकणाचं बघायला मी आधीच गेलतो, तुझं ऑगस्टमधलं पत्र आलं त्याच आठवड्यात. त्यानं चालवून दाखवलं. चांगलं हाय. तो म्हणाला, आप्पा, ह्यात तुम्हाला काय म्हणजे काय करायला लागत न्हाय. म्हटलं, म्हणूनच नको. त्याला काय कळलं न्हाय. तुला कळंल म्हणून लिहितोय. वखार मी इतकी वर्षं सांभाळली, दुपारी दोन तास मष्णू सांभाळंल.

आता एक गोष्ट सांगतो ती तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. पर्व संपल्यावर एकदा सकाळी मी देवळातनं लवकर परत आलतो. दार नुसतं लोटलेलं. परसात बघतोय तर आत्ती सोलापुरी चादर पिळतीय. दोन्ही हातांनी, घट्ट, आणि तोंडानं स्तवन म्हणत. ओरडणार हुतो, पण तिचा चेहरा बघितला. दुखत असल्यावर माणूस असा दिसत न्हाय. मी आवाज न करता मागं फिरलो, तडक डॉक्टरकडं गेलो. तो म्हणाला, बाईंना मी सांगितलंय की, हात पहिल्यासारखा झालाय.

तिथंच खुर्चीत बसून ऱ्हायलो. जीव एवढा हलका झाला की काय सांगू. तिचा हात वाचला, मला तेवढंच पाहिजे हुतं. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला, की हिनं मला हे का सांगितलं न्हाय. ज्या बाईनं जन्मात खोटं सांगितलं न्हाय, ती माझ्यासाठी खोटं बोलली. दुपारी मी यावं म्हणून.

घरी जाताना गल्लीच्या तोंडापासनंच मोठ्यानं खोकत गेलो. आत गेलो तर बाई तिवईवर, उजवा हात पदरात. मी विचारलं, दुखतंय काय? म्हणाली, थोडं. म्हटलं, मग जप. धुणं हाय की माझ्याकडं.

तेव्हा तू तिला काय बी सांगू नको. तिला वाटू दे, मला म्हाइत न्हाय. आता पत्र आवरतो. दगडावर ऊन आलंय, पाणी भरून झालंय, आणि ती फडकं धरून मला हाका मारतीय.

आप्पा